पानाफुलांच्या शब्दांचा अमानतदार : अबू हनीफा दीनवरी (रह.)



जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे गाव पूर्णा आणि केळणा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. पावसाळा सरताना आपण तेथील एखाद्या कपाशीच्या बांधावर क्षणभर उभे राहा आणि शेतकऱ्याचे बोलणे कान देऊन ऐका. कपाशीला पाते लागले, असे तो म्हणतो. पात्याचे फूल होते, फुलाचे बोंड होते, बोंड फुटले की कापूस वेचायचा, आणि कापसातून निघते ती सरकी. पीक निघाल्यावर रानात जे उभे राहते, ती पऱ्हाटी. शेजारच्या ज्वारीच्या तुकड्यात शब्द बदलतात. तेथे पोंगा असतो, मग ज्वारी पोटरीत येते, मग निसवते, कणीस बाहेर पडते, दाण्यात दूध भरते, हुरडा होतो आणि शेवटी कडबा उरतो. हरभऱ्याला घाटे येतात, तुरीला शेंगा येतात. आंब्याला आधी मोहर येतो, मग कैरी धरते, आणि एक दिवस कोणीतरी सांगते की झाडाला पाड लागला.

यातील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पात्याला बोंड म्हणणाऱ्याला शेतकरी हसेल. आणि सौदा चालू असेल तर त्याला तोटाही सोसावा लागेल. ज्या समाजाचा वनस्पतीशी रोजचा संबंध असतो, तो समाज वनस्पतीच्या प्रत्येक अवयवाला व प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र नाव देतो. हे ज्ञान पुस्तकात नसते. ते बोलणाऱ्याच्या जिभेवर असते, आणि बोलणारा गेला की त्याच्याबरोबर जाते.

आता आपण शिवारातून घरी या आणि दिव्य कुरआन उघडा.

कुरआनातील खजुरीची बी

सूरह यासीनमध्ये अल्लाह चंद्राच्या मंजिलांचा उल्लेख करतो आणि शेवटी चंद्र जुन्या 'उर्जून'सारखा होतो, असे सांगतो. उर्जून म्हणजे खजुरीच्या घडाचा देठ. तो जुना झाला की वाळतो, बारीक होतो, पिवळा पडतो आणि वाकतो. महिन्याच्या अखेरीस पहाटे पूर्वेला दिसणारी चंद्राची कोर ज्याने पाहिली आहे आणि वाळलेला उर्जूनही पाहिला आहे, त्याला या उपमेचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. ज्याला उर्जून हा शब्द केवळ फांदी म्हणून शिकवला गेला, त्याच्यासाठी मात्र अर्धी आयत मुकीच राहते.

सूरह निसामध्ये कोणावर 'फतील'एवढाही अन्याय होणार नाही असे आश्वासन आहे, आणि त्याच सूरहमध्ये पुढे 'नकीर'एवढाही अन्याय होणार नाही असे म्हटले आहे. सूरह फातिरमध्ये, अल्लाहला सोडून ज्यांना हाक मारली जाते ते एका 'कितमीर'चेही मालक नाहीत, असा इशारा आहे. भाषांतरात या तिन्ही ठिकाणी आपण तिळमात्र, रतीभर असे शब्द वाचतो. आशय पोहोचतो, पण हे तिन्ही शब्द एकाच खजुरीच्या बीमध्ये सामावलेले आहेत, हे कळत नाही. बीच्या एका बाजूला जी लांब खाच असते, त्या खाचेतील बारीक दोरा म्हणजे फतील. बीच्या पाठीवर जो सुईच्या टोकाएवढा खड्डा दिसतो, तो नकीर. आणि संपूर्ण बीला लपेटून असलेला पातळ पापुद्रा म्हणजे कितमीर.

सूरह रहमानमध्ये 'नज्म' आणि 'शजर' दोघेही सजदा करतात असे आले आहे. नज्मचा एक अर्थ तारा आहे. पण अनेक भाष्यकारांनी येथे दुसरा अर्थ घेतला आहे : ज्याला खोड नाही, जे जमिनीलगत उगवते ते नज्म, आणि जे खोडावर उभे राहते ते शजर. हजरत यूनुस (अ.) यांच्यावर उगवलेल्या 'यक्तीन'चा अर्थ भाषापंडितांनी असा केला आहे की, जी वनस्पती खोडावर उभी न राहता जमिनीवर पसरते ती, भोपळा, कलिंगड, इंद्रावण ही तिची उदाहरणे.

वाचकहो, आता एक प्रश्न स्वतःला विचारा. हे शब्द वाळवंटातील मेंढपाळांचे आणि खजुरीच्या बागवानांचे होते. कुरआन अवतरल्यानंतर दोनशे वर्षांत मुस्लिमांची मोठी वस्ती बगदाद, बसरा, कूफा अशा शहरांतून राहू लागली. शहरात जन्मलेल्या मुलाने उर्जून पाहिला नव्हता. मग हे अर्थ आपल्यापर्यंत कसे पोहोचले? कोणीतरी ते शब्द, ते बोलणारे लोक जिवंत असताना, त्यांच्याकडे जाऊन टिपून ठेवले म्हणून. त्या टिपणाऱ्यांमध्ये वनस्पतींच्या बाबतीत ज्यांचे स्थान सर्वांत वरचे मानले जाते, त्या थोर विद्वानाची ही कहाणी आहे.

दीनवरचा विद्यार्थी

त्यांचे नाव अहमद, पित्याचे नाव दाऊद, आजोबांचे नाव वनंद. कुन्या अबू हनीफा. येथे एक खुलासा अवश्य करावा लागेल. ज्यांच्या फिक्हवर भारतातील बहुसंख्य मुस्लिम चालतात ते इमामे आझम अबू हनीफा (रह.) हिजरी सन 150 मध्येच अल्लाहला प्यारे झाले होते. आपले दीनवरी हे त्यांच्यानंतरच्या शतकातील. अरबी शब्दकोशांत वनस्पतीच्या नोंदीखाली अबू हनीफा यांनी असे सांगितले, असा उल्लेख आला की तो या दीनवरींचा असतो.

आजोबांच्या नावावरूनच हे घराणे मूळ इराणी असल्याचे कळते. दीनवर हे गाव आजच्या इराणातील करमानशाह परिसरात, डोंगरांच्या कुशीत होते. इस्लामी राज्य आल्यावर या भागाचा महसूल कूफ्याच्या लोकांसाठी जात असे, म्हणून त्याला माहुल कूफा असेही म्हणत. अहमद यांनी बसरा आणि कूफा या दोन्ही विद्यापरंपरांतील गुरूंकडे भाषेचे शिक्षण घेतले. त्यांच्या गुरूंमध्ये प्रसिद्ध व्याकरणकार इब्नुस्सिक्कीत आणि त्यांचे पिता यांची नावे येतात. म्हणजे ज्यांची घरची भाषा अरबी नव्हती, अशा कुळातील एका मुलाने अरबी इतक्या निष्ठेने आत्मसात केली की पुढे खुद्द अरबांना आपल्या शब्दांसाठी त्याच्या ग्रंथाकडे जावे लागले. मराठी ज्यांची बोली आणि अरबी ज्यांच्या इबादतीची भाषा, अशा आपल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

त्यांची विद्या एका विषयापुरती नव्हती. त्यांनी बीजगणितावर लिहिले, भारतीय अंकपद्धतीच्या गणितावर लिहिले, किब्ल्याच्या दिशेवर लिहिले, आणि 'अल अखबारुत्तिवाल' हा इतिहासग्रंथ लिहिला, जो आजही उपलब्ध आहे. हिजरी सन 235 मध्ये इस्फहानला त्यांनी आकाशाचे वेध घेतले. त्यांच्या निधनानंतर सुमारे अर्ध्या शतकाने खगोलज्ञ अब्दुर्रहमान सूफी दीनवरला गेले, तेव्हा ज्या घरातून ते वेध घेत ते घर त्यांना दाखवण्यात आले. मात्र या सूफींनीच पुढे लिहून ठेवले आहे की, नक्षत्रांविषयी अरब लोक काय म्हणत हे दीनवरींना उत्तम ठाऊक होते, पण प्रत्यक्ष ताऱ्यांच्या ज्ञानात ते कमी पडले. थोर माणसाची उणीवही नोंदवून ठेवणे ही आपल्या विद्वानांची रीत होती. आणि ही उणीवच सांगून जाते की दीनवरींचे खरे बळ कोठे होते. ते शब्दांत होते.

एका शब्दाची साक्ष

चरित्रकार याकूत हमवी यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. बगदादचे नामवंत भाषापंडित मुबर्रद एकदा दीनवरला आले आणि तेथील एका मानकऱ्याचे पाहुणे झाले. यजमानाने पहिलाच प्रश्न विचारला : हदीसमध्ये ज्या 'मुजस्समा' जनावराची मनाई आली आहे, ते कोणते? मुबर्रद यांना ठाऊक नव्हते. पण त्यांनी ते कबूल केले नाही. कमी दूध देणारी बकरी, असे त्यांनी सांगून टाकले. यजमानाने पुरावा मागितला, तेव्हा जुन्या अरबी काव्याची म्हणून एक ओळ त्यांनी ऐकवली. यजमानाचे समाधान झाले.

इतक्यात दीनवरी तेथे आले. यजमानाने तोच प्रश्न त्यांना केला. ते म्हणाले की, ज्या जनावराला गुडघ्यांवर बसवून मानेच्या मागील बाजूने कापले जाते, ते मुजस्समा. यजमान चकित झाला आणि त्याने सांगितले की इराकचे हे थोर शेख तर वेगळाच अर्थ सांगतात, आणि वर काव्याचा आधारही देतात. दीनवरींनी शपथेवर सांगितले की ती ओळ जुनी मुळीच नाही. ती याच बैठकीत रचली गेली असावी. मुबर्रद यांनी मान खाली घातली आणि खरे सांगितले : इराकहून एवढ्या कीर्तीनिशी यायचे आणि पहिल्याच प्रश्नाला माहीत नाही म्हणायचे, याची त्यांना लाज वाटली होती.

वाचकहो, हा प्रसंग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रश्न हलाल आणि हराम यांचा होता. शब्दाचा अर्थ चुकला असता तर एका गरीब कुटुंबाची कमी दुधाची बकरी विनाकारण निषिद्ध ठरली असती, आणि ज्या क्रूर रीतीला हदीसने मनाई केली ती मोकळी सुटली असती. दीनवरींची योग्यता येथे दिसते. शब्द ही त्यांच्या दृष्टीने साक्ष होती. आणि खोटी साक्ष देण्यापेक्षा माहीत नाही म्हणणे बरे. मुबर्रद यांचेही भले म्हणावे लागेल, कारण त्यांनी चूक लपवली नाही. चूक कबूल करणारा विद्वान आपल्याला आज तरी कितीदा भेटतो?

किताबुन्नबात

याच वृत्तीने दीनवरींनी आपला महाग्रंथ रचला : 'किताबुन्नबात', अर्थात वनस्पतींचे पुस्तक. ते सहा खंडांचे होते असे जुने लेखक सांगतात. त्याचा एक भाग वर्णक्रमाने रचलेला कोश होता. दुसऱ्या भागात विषयवार प्रकरणे होती : कुरणे आणि चराई, रंग देणाऱ्या वनस्पती, कातडे कमावण्याच्या साली, डिंक आणि राळ, सुगंधी वनस्पती, दोरखंडाचे तंतू, घासून अग्नी काढण्याची लाकडे, धनुष्यबाणांचे लाकूड, मध आणि मधमाश्या, आणि मिसवाकच्या काड्या.

त्याच सुमारास बगदादमध्ये यूनानी विद्वान दियुस्कुरिदूस याच्या औषधी ग्रंथाचा अरबी अनुवाद झाला होता. त्यात वनस्पती येते ती वैद्याच्या पिशवीत जाण्यासाठी. दीनवरींनी वेगळी वाट धरली. त्यांनी झाड जसे उगवते, जसे दिसते आणि त्याच्या सहवासात राहणारे लोक त्याला जे म्हणतात, तसे मांडले. त्यांच्यापूर्वी असमई, अबू झियाद किलाबी अशा जाणकारांनी जे टिपले होते ते त्यांनी घेतले, आणि त्या-त्या नावानिशी घेतले. शिवाय त्यांनी स्वतः वाळवंटातील अरबांना विचारले. सरात डोंगराळ भागातील अझ्द कबिल्याच्या एका अरबाने मला हे सांगितले, उमानच्या अरबाने ते सांगितले, अशा नोंदी त्यांच्या लेखनात वारंवार येतात. ज्याने सांगितले त्याचा उल्लेख, जेथून ऐकले त्या स्थळाचा उल्लेख, आणि दोघांचे म्हणणे वेगळे असेल तर दोन्हीही. हदीसच्या विद्वानांनी जी शिस्त रिवायतीला लावली, तीच शिस्त या माणसाने गवताच्या काडीला लावली.

या शब्दसंपदेची बारकाई थोडी पाहू. वनस्पती हिवाळ्यात काय करते, यावरून तिचे तीन वर्ग केले जात. पहिला वर्ग असा की ज्याचे मूळ आणि खोड दोन्ही टिकतात. दुसऱ्याचे खोड मरते पण मूळ जमिनीत जिवंत राहते. तिसऱ्याचे दोन्ही नष्ट होतात आणि तो पडलेल्या बियांतून पुन्हा उगवतो. आजचे वनस्पतिशास्त्र बहुवर्षायू आणि वर्षायू असे जे भेद करते, त्यांच्या अगदी जवळचा हा विचार आहे. पानांतही भेद होते. ज्याला रुंदी आहे ते 'वरक'. झाऊच्या पानांसारखे ज्याला रुंदीच नाही ते 'हदब'. खजुरीचे पाते ते 'खूस'. पिकाचे वाळून चुरा होणारे पान ते 'अस्फ'; सूरह फीलमध्ये हत्तीवाल्या सैन्याची जी गत झाली ती याच शब्दाने सांगितली आहे. रुंद पानाच्या मधोमध जी शीर उठून दिसते, तिलाही 'ऐर' असे स्वतंत्र नाव होते. आपली मुले विज्ञानाच्या पुस्तकात पर्णपत्र, पर्णवृंत, जाळीदार शिराविन्यास असे शब्द पाठ करतात, तेव्हा त्यांना हे अवश्य सांगा की पानाच्या शिरेला नाव देण्याची काळजी आपल्या पूर्वसूरींनी अकराशे वर्षांपूर्वी घेतली होती.

मिसवाकच्या प्रकरणात 'अराक' हे झाड येते. आपल्याकडे त्याला पिलू म्हणतात. ज्यांच्या फांदीने दात घासावेत अशा झाडांत हे सर्वांत उत्तम, आणि जनावरांनी जे चरावे त्यांत दुधाला सर्वांत चांगला वास देणारेही हेच, असे दीनवरींनी लिहिले आहे. या झाडाच्या फळाला सामान्यतः 'बरीर' म्हणत. कोवळे असेल तर 'मर्द', आणि पिकलेले 'कबास'. हा शेवटचा शब्द आपल्याला सहीह बुखारीत भेटतो. सहाबा (रजि.) मर्रुझ्झहरान येथे कबास तोडत होते, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना काळी फळे निवडण्यास सांगितले. त्यांना हे ठाऊक कसे, म्हणून सहाबांनी विचारले की आपण बकऱ्या चारल्या आहेत काय, तेव्हा आपण (स.) सांगितले की असा एकही नबी झाला नाही ज्याने त्या चारल्या नाहीत. रानातील फळाची पारख ही नबींच्या आयुष्याचा भाग होती. कबास म्हणजे पिकलेले फळ, हे ज्याला माहीत आहे त्याला या हदीसचा गोडवा अधिक कळतो.

आपला आंबा, त्यांचा अंबज

आता एक गोष्ट खास मराठी वाचकांसाठी. दीनवरींच्या नोंदींत 'अंबज' नावाचे एक झाड आहे. हे झाड उमानच्या बाजूला पुष्कळ असून ते लावून वाढवले जाते, असे ते सांगतात. त्याचे दोन प्रकार : एकाचे फळ बदामाच्या आकाराचे आणि सुरुवातीपासूनच गोड, दुसऱ्याचे आलुबुखाऱ्यासारखे, जे आधी आंबट असते आणि पिकल्यावर गोड होते. दोन्हींमध्ये कोय असते, दोन्हींना सुवास असतो. आंबट फळ कच्चे असतानाच रांजणात घालून ठेवतात. ते मुरले की त्याला केळ्यासारखा वास आणि चव येते. झाड अक्रोडाएवढे मोठे होते आणि पानेही अक्रोडासारखी असतात.

वाचकहो, हा आपला आंबाच आहे. अरबांनी हे झाड हिंदुस्तानातून नेले आणि त्याचे नावही नेले. अंबज या शब्दात आपला आंबा स्पष्ट ऐकू येतो. दीनवरींचे काम कसे चाले, ते येथे आपल्याला पारखून घेता येते, कारण या झाडाचे आपणच जाणकार आहोत. न पाहिलेल्याला झाड समजावे म्हणून ते ओळखीच्या झाडाशी तुलना करतात. आकार सांगतात, पान सांगतात, फळाच्या आत काय आहे ते सांगतात. कच्चे आणि पिकलेले यांत फरक करतात, आणि माणसे त्याचे काय करतात हेही सांगतात. वैशाखात आपल्या घरात आंब्याची अढी लागते आणि लोणच्याची बरणी भरली जाते, तेव्हा या माणसाची आठवण अवश्य काढावी.

फळाची अवस्था आणि हलाल कमाई

एखादा म्हणेल, हे सारे विद्वानांचे कौतुक झाले. आपल्या रोजच्या दीनाशी याचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. खजुरीच्या फळाला अरबीत अवस्थेनुसार वेगवेगळी नावे आहेत : 'तलअ', 'बलह', 'बुस्र', 'रुतब', 'तम्र'. प्रेषित (स.) यांनी झाडावरचे फळ पिकण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी विकण्यास विकणारा आणि घेणारा दोघांनाही मनाई केली. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीत याचे लक्षण म्हणून फळावर रंग चढणे सांगितले आहे. आणि कारणही दिले आहे : अल्लाहने फळच रोखून धरले, तर आपल्या भावाचा पैसा कोणत्या हक्काने घेणार?

जालना जिल्हा मोसंबीच्या बागांचा. बहार धरला की उभी बाग व्यापाऱ्याला देऊन टाकण्याचा रिवाज आपण जाणता. गारपीट झाली, फळगळ झाली, की दोघांत तंटा होतो आणि मने कायमची दुरावतात. फळ कोणत्या अवस्थेत आहे, पाड लागला की नाही, हे शब्द येथे केवळ शेतीचे राहत नाहीत. ते हलाल कमाईचे शब्द होतात. आपल्या व्यवहाराचा तपशील जाणत्या आलिमांना विचारून घ्यावा. पण विचारताना झाडावर नेमके काय आहे हे सांगता आले पाहिजे, आणि त्यासाठी शब्द जिवंत पाहिजेत.

हरवलेला ग्रंथ

दीनवरी (रह.) यांचे निधन हिजरी सन 282 मध्ये, म्हणजे इ. स. 895 मध्ये झाले. त्यांच्यानंतर शतकभराने अबू हय्यान तौहीदी यांनी त्यांची गणना आपल्या दृष्टीने अद्वितीय अशा तीन लेखकांत केली. जाहिझ हे त्यांतील दुसरे नाव होते. एवढा मान मिळालेल्या माणसाचा सर्वांत मोठा ग्रंथ मात्र काळाच्या ओघात हरवला. सहा खंडांपैकी तिसरा आणि पाचवा एवढेच भाग हाती उरले, आणि वर्णक्रमाचा कोश अलिफपासून झाय या अक्षरापर्यंतच वाचला. दीनवर हे गावही आज नांदते नाही. भग्नावशेष तेवढे आहेत.

तरीही तो ग्रंथ मेला नाही. याचे श्रेय त्यानंतरच्या प्रामाणिक लेखकांना आहे. स्पेनमधील मुर्सियाचे इब्न सीदा यांनी विषयवार शब्दकोश रचला, तेव्हा वनस्पतींसाठी दीनवरींचा भरपूर आधार घेतला आणि तसे नाव घेऊन सांगितले. हे इब्न सीदा अंध होते. ज्यांना पाने डोळ्यांनी पाहता येत नव्हती, त्यांनी पानांच्या आकारांचे शब्द आपल्या हवाली केले! इब्नुल बैतार यांच्या औषधी कोशात, इब्न मंझूर यांच्या लिसानुल अरबमध्ये, आणि अठराव्या शतकात हिंदुस्तानातील बिलग्राम येथे जन्मलेल्या मुर्तझा झबीदी यांच्या ताजुल अरूसमध्ये दीनवरींची वाक्ये विखुरलेली होती. प्रत्येकाने नाव लिहिले होते, म्हणून ती ओळखता येत होती. त्यांतील एखाद्याने ते ज्ञान आपलेच म्हणून खपवले असते, तर हा दुवा तुटला असता.

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रूनो झिल्बरबर्ग या जर्मन अभ्यासकाने या विखुरलेल्या उताऱ्यांवरून दीनवरींची थोरवी युरोपला दाखवली. पुढे स्वीडनमध्ये बर्नहार्ड लेविन यांनी उरलेले खंड संपादित करून 1953 आणि 1974 मध्ये प्रसिद्ध केले. पण सीन या अक्षरापासून या पर्यंतचा हरवलेला अर्धा कोश? तो पुन्हा उभा केला दख्खनच्या एका पुत्राने.

डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह (रह.) यांचा जन्म 1908 मध्ये हैदराबादला झाला. आपले जाफराबाद तेव्हा त्याच निजामी राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. उस्मानिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. त्या विद्यापीठात विज्ञानासह सारे विषय उर्दूतून शिकवले जात, आणि त्यासाठी 1917 मध्ये स्थापन झालेल्या दारुत्तर्जुमामध्ये शास्त्रीय परिभाषा घडवण्याचे मोठे काम चालत असे. परकी संज्ञेला आपल्या भाषेत शब्द कसा द्यावा, हा प्रश्न त्या वातावरणातच होता. 1948 नंतर हमीदुल्लाह पॅरिसमध्ये राहिले. हम्माम बिन मुनब्बिह यांची प्राचीन सहीफा प्रकाशात आणणारे हे हदीसचे जाणकार. रिवायत कोठून आली ते शोधण्याची त्यांची सवय येथे कामी आली. त्यांनी कोशामागून कोश चाळले, दीनवरींच्या नावाची प्रत्येक नोंद उचलली आणि वर्णक्रमाने लावली. 1973 मध्ये कैरोहून तो खंड प्रसिद्ध झाला. त्यात सहाशेहून अधिक वनस्पती आहेत. अकराशे वर्षांपूर्वी एका इराणी माणसाने अरबी मेंढपाळांकडून घेतलेली ठेव, एका हैदराबादी माणसाने पॅरिसमध्ये बसून परत जोडली.

आपल्या वाट्याची अमानत

प्रिय वाचकहो, सूरह बकरामध्ये आपण वाचतो की अल्लाहने हजरत आदम (अ.) यांना सर्व वस्तूंची नावे शिकवली, आणि फरिश्त्यांनी त्या ज्ञानापुढे आपली मर्यादा मान्य केली. माणसाला मिळालेला हा पहिला धडा आहे. जो नाव विसरतो तो हळूहळू वस्तूही विसरतो, आणि वस्तू विसरला की तिच्यातील अल्लाहची निशाणी त्याला दिसेनाशी होते.

दीनवरींचे चरित्र वाचून आपण दोन गोष्टी अवश्य कराव्यात. पहिली अगदी सोपी आहे. येत्या रमजानमध्ये इफ्तारीच्या दस्तरखानावर खजूर फोडल्यावर बी फेकू नका. मुलांना जवळ बोलवा. पापुद्रा सोडवून दाखवा : हा कितमीर. खाचेतील दोरा काढून दाखवा : हा फतील. पाठीवरचा खड्डा बोटाने लावून दाखवा : हा नकीर. मग त्या तीन आयती त्यांना समजावून सांगा. एवढ्याशा दोऱ्याइतकाही अन्याय न करणारा रब कसा असेल, हे त्या मुलाला जन्मभर विसरता येणार नाही.

दुसरी गोष्ट थोड्या कष्टाची आहे. आपल्या घरात किंवा शेजारी ज्यांनी आयुष्य शेतात काढले असे आजोबा-आजी असतील, तर त्यांच्याकडे एक वही घेऊन बसा. ते मुस्लिम असोत की हिंदू बांधव. दीनवरींनी शब्द घेताना सांगणाऱ्याची ऐपत किंवा विद्वत्ता पाहिली नव्हती, त्याची जाण पाहिली होती. पोटरी म्हणजे काय, निसवणे म्हणजे काय, भुईमुगाच्या आऱ्या कशाला म्हणतात, ते विचारा आणि लिहा. कोणी सांगितले आणि कोणत्या गावात सांगितले, तेही लिहा. एखादा शब्द समजला नाही, तर अंदाजाने अर्थ लिहू नका. जागा रिकामी सोडा.

पूर्णेच्या काठी या वर्षीही कपाशीला पाते लागेल, ज्वारी पोटरीत येईल. ते शब्द उच्चारणारी माणसे मात्र दरवर्षी थोडी कमी होत आहेत. अल्लाह दीनवरी (रह.) आणि त्यांची ठेव जपणाऱ्या सर्वांना उत्तम मोबदला देवो, आणि आम्हाला जे ज्ञान ज्याच्याकडून मिळाले ते त्याच्याच नावाने, न घटवता न वाढवता, पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.